काहीच न केलेली संत

मैत्रिणींनो, दिवसभर राबून रात्री पाठ टेकताना ‘आज मी नेमकं केलं तरी काय?’ असा प्रश्न कधी पडलाय तुम्हाला? सकाळचं दूध, डबे, धुणं, निवडणं-टिपणं, मुलांचा अभ्यास, मध्येच टपकलेला पाहुणा... आणि संध्याकाळी दाखवायला हातात काहीच नाही. घासलेलं भांडं दुसऱ्या दिवशी पुन्हा खरकटंच! आणि वर कोणीतरी अगदी सहज विचारतं, “तुम्ही काय, घरीच असता ना?”

आज ज्या मुलीची हकिगत सांगणार आहे, तिच्याबद्दल तिच्यासोबत राहणाऱ्या बायकांनीही असंच विचारलं होतं. १८९७ सालचा उन्हाळा. फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात लिझ्यू नावाचं गाव आहे. तिथल्या कार्मेल मठात २४ वर्षांची एक नन क्षयानं अंथरुणाला खिळली होती. मठातली कोणी सिस्टर वारली की मुख्य मदरनं तिच्या आयुष्याची हकिगत लिहून इतर मठांना पाठवायची, असा तिथला रिवाज. एके दिवशी खिडकीपलीकडे एक सिस्टर दुसरीला म्हणाली म्हणे, की ही आता जाणार, पण मदर हिच्याबद्दल लिहिणार तरी काय? स्वभावानं चांगली आहे हो, पण सांगण्यासारखं काही केलंय का हिनं?

बोलणारीचं काही चुकलं नव्हतं. पंधराव्या वर्षी मठात आलेली ही मुलगी पुन्हा कधी त्या भिंतींबाहेर पडली नाही. तिनं शाळा काढली नाही, इस्पितळ बांधलं नाही, चमत्कार केला नाही. नऊ वर्षं झाडलोट केली, धुणं धुतलं, जेवणघर पाहिलं, प्रार्थना केली आणि गेली.

तीच पुढे लिझ्यूची संत तेरेज झाली. आपल्याकडे ‘लिटल फ्लॉवर’ नावाच्या शाळा असतात ना, ते नाव तिचंच बरं का!

आईची सुई

संत म्हटलं की आपण एकदम मूर्ती आणि मेणबत्त्यांकडे वळतो. मला मात्र आधी तिच्या आईची ओळख करून द्यायची आहे, कारण ती तुमच्या-माझ्यासारखीच संसारी बाई होती.

आईचं नाव झेली. तिला स्वतःला नन व्हायचं होतं, मठानं घेतलं नाही. पुढे ज्याच्याशी लग्न झालं त्या लुई मार्तांलाही साधूच व्हायचं होतं, पण लॅटिन येत नाही म्हणून त्याचीही पाठवणी झाली होती! असे दोघे नाकारलेले १८५८ साली आलांसों गावात बोहल्यावर चढले. तो घड्याळजी आणि ती लेस विणणारी.

आलांसोंची लेस म्हणजे साधंसुधं क्रोशाकाम नव्हे. नुसत्या सुई-दोऱ्यानं एक चौरस सेंटिमीटर तुकडा करायला सात तास लागतात. २०१० साली युनेस्कोनं या कलेची मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. झेलीनं लग्नाआधीच या लेसचा धंदा सुरू केला होता. गावातल्या बायका आपापल्या घरी तुकडे विणायच्या आणि ते तुकडे जोड दिसणार नाही अशा बेतानं जोडायचं काम झेली स्वतः करायची. धंदा इतका वाढला की १८७० साली लुईनं आपलं घड्याळाचं दुकान विकलं आणि बायकोच्या कामात हिशेब-विक्रीला लागला. दीडशे वर्षांपूर्वी! आजही ‘बायकोच्या दुकानात बसतो’ म्हणून पुरुषाची थट्टा होते, मग तेव्हा काय झालं असेल याची कल्पना तुम्हीच करा.

नऊ बाळंतपणं झाली आणि चार मुलं गेली. दोन मुलगे, एक तान्ही मुलगी आणि पाच वर्षांची हेलेन. घरात आजारपण, ऑर्डरी वेळेवर द्यायची घाई, कामगार बायकांची देणी आणि मधल्या मुलीचं, लेओनीचं, हट्टी वागणं. या सगळ्याबद्दल झेलीनं भावाला, वहिनीला आणि मुलींना लिहिलेली दोनशेहून अधिक पत्रं आज उपलब्ध आहेत. संताच्या आईची पत्रं म्हणून उघडावीत, तर त्यांत निम्मा संसारच सापडतो.

तेरेज ही नववी. जन्म २ जानेवारी १८७३ चा. इतकी अशक्त, की आईचं दूध पुरेना. शेवटी सेमाले खेड्यातल्या रोझ तायए नावाच्या शेतकरणीकडे तिला अंगावर पाजायला ठेवलं. वर्षभरानं पोर उन्हानं रापून, गुटगुटीत होऊन घरी आली. आणि हट्टी म्हणाल तर किती! जमिनीला तोंड लावलंस तर पैसा देईन, असं आई गमतीनं म्हणाली, तर ही ताठ उभी राहिली. पैसा नको, पण वाकणार नाही! एकदा लेओनीनं आपल्या बाहुलीचे कपडे आणि चिंध्यांची टोपली धाकट्या बहिणींपुढे धरली आणि हवं ते घ्या म्हणाली. सेलीननं एक गोफ उचलला. तेरेजनं ‘मला सगळंच’ म्हणत अख्खी टोपली ताब्यात घेतली.

झेलीच्या छातीत बऱ्याच वर्षांपासून गाठ होती. डिसेंबर १८७६ मध्ये डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची वेळ निघून गेल्याचं सांगितलं. जूनमध्ये ती तीन मुलींना घेऊन लूर्दच्या यात्रेला जाऊन आली, पण गुण आला नाही. अगदी शेवटच्या महिन्यांपर्यंत तिच्या हातातली लेस सुटली नव्हती. २८ ऑगस्ट १८७७ ला ती गेली. वय ४५. तेरेज साडेचार वर्षांची होती. (मैत्रिणींनो, जाता जाता एक सांगते. छातीत गाठ हाताला लागली तर ‘दुखत नाही ना, मग बघू’ असं म्हणू नका. झेलीच्या काळी इलाज नव्हता. आपल्या काळी आहे, पण तोही वेळेत गेलं तरच.)

पायऱ्यांवरची पाच मिनिटं

आई गेल्यावर लुई मुलींना घेऊन मामांच्या जवळ, लिझ्यूला राहायला आला. तेरेजनं दुसऱ्या नंबरच्या बहिणीला, पोलिनला, आई मानलं. पाच वर्षांनी पोलिनही मठात निघून गेली. नऊ वर्षांच्या पोरीची आई दुसऱ्यांदा गेली! त्यानंतर तेरेज विचित्र आजारानं कित्येक आठवडे अंथरुणात होती. पुढेही बरीच वर्षं ती हळवी, क्षणात रडणारी आणि रडले म्हणून पुन्हा रडणारी अशी होती. घराघरांत असं एखादं मूल असतं.

मग १८८६ चा नाताळ आला. तिकडे मुलं चुलाण्यापाशी बूट ठेवतात आणि वडीलधारी माणसं त्यांत खाऊ-भेटी घालतात. तेरेज चौदाची होत आली होती, तरी शेंडेफळ म्हणून हे लाड चालू होते. मध्यरात्रीची प्रार्थना आटोपून सगळे घरी परतले. वडील दमलेले होते. बूट पाहून ते त्रासिक सुरात म्हणाले, की नशीब, हे शेवटचंच वर्ष. जिना चढणाऱ्या लेकीनं ते ऐकलं. सेलीननं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, आत्ता खाली जाऊ नकोस, रडशील. तेरेजनं डोळे पुसले, जिना उतरली आणि एकेक भेट काढत वडिलांपुढे हसत बसली. वडीलही खुलले. एवढीच गोष्ट. पण आपलं मोठं होणं त्या रात्री झालं, असं तिनं पुढे नोंदवून ठेवलंय. दमलेल्या बापाचा मूड सांभाळावा, हे त्या दिवशी प्रथमच तिच्या ध्यानात आलं असावं.

रडूबाई थांबली म्हणजे गरीब गाय झाली, असं मात्र समजू नका हं! पंधराव्या वर्षी मठात जायचंच, म्हणून तिनं मामांना गळ घातली, मग बिशपांना. ते जमेना, तेव्हा वडिलांबरोबर रोमच्या यात्रेला गेली. २० नोव्हेंबर १८८७. पोप तेरावे लिओ यांच्यासमोर एकेकानं गुडघे टेकायचे, आशीर्वाद घ्यायचा आणि पुढे सरकायचं. बोलायची सक्त मनाई होती. ही बोललीच! पोपच्या गुडघ्यांवर हात ठेवून तिनं परवानगी मागितली. देवाची इच्छा असेल तर होईल, अशा अर्थाचं उत्तर मिळालं तरी हलेना. शेवटी रक्षकांनी उचलून नेली. ९ एप्रिल १८८८ ला लिझ्यूच्या कार्मेलचं दार तिच्यासाठी उघडलं.

पंचवीस बायका, एक छप्पर

मठ म्हटला की आपल्याला वाटतं, काय ती शांती! पण पंचविसेक बायका, त्याही निरनिराळ्या वयाच्या, शिक्षणाच्या आणि मिजाशीच्या, रोज एकाच छपराखाली, बाहेर जायची सोय नाही, हिवाळ्यात शेकोटी एकाच खोलीत. एकत्र कुटुंबात दिवस काढलेल्या बाईला अधिक सांगायला नको.

तेरेजच्या खोलीत एक छोटासा, सुरेख पाण्याचा तांब्या होता. कुणीतरी तो उचलून नेला आणि तिथं टवके उडालेला मोठा ठेवला. ती बोलली नाही. प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी एक सिस्टर सतत काहीतरी बारीक खुडखुड आवाज करी. तेरेजला तो इतका असह्य व्हायचा की घाम फुटायचा. वळून एक जळजळीत कटाक्ष टाकावा, असं हजारदा मनात यायचं. मग तिनं युक्ती काढली. आवाज टाळायचाच नाही, मन लावून ऐकायचा, जणू ते गाणंच आहे! धुण्याच्या जागी समोरची सिस्टर रुमाल आपटताना रोज हिच्या तोंडावर घाणेरडं पाणी उडवी. तिथंही तोंड पुसून ‘अगं, जरा बघ की’ असं सुचवण्याचा मोह तिनं आवरला.

सेंट पिएर नावाची एक म्हातारी, लंगडणारी सिस्टर होती. संध्याकाळी तिला धरून जेवणघरात न्यायचं काम कोणी घेईना, कारण कोणी काहीही केलं तरी चुकायचंच! हळू चाललं तर मला पाडशील, भराभर चाललं तर तुझा हातच लागत नाही. तुमच्या घरात अशी आजी किंवा आजेसासूबाई असतील तर तुम्हाला हे वाचूनच हसू येईल. तेरेजनं ते काम आपण होऊन मागून घेतलं. म्हातारीला बसवायची, तिच्या बाह्या सारख्या करायची. तिच्या लक्षात आलं, की वाकड्या हातांना पाव कापता येत नाही. तेव्हापासून जाण्याआधी पाव कापून द्यायची आणि एकदा छानसं हसायची. म्हातारी विरघळली, असं सांगतात, ती त्या हसण्यानं.

आणि एक जण होती जिचं सगळंच तेरेजला खटकायचं. बोलणं, चालणं, स्वभाव, सगळंच. हिनं ठरवलं, की जिच्यावर आपलं सर्वांत जास्त प्रेम आहे तिच्याशी वागू, तसंच हिच्याशी वागायचं. उलट उत्तर ओठांवर आलं की हसायचं, अगदीच आवरेना तर चक्क काम टाकून पळ काढायचा! ती सिस्टर एक दिवस कौतुकानं विचारू लागली, की माझ्यात असं काय आहे जे तुम्हाला इतकं आवडतं?

तेरेज याला आपली लहान वाट म्हणे. मोठे संत उंच जिने चढून देवाकडे जातात, ते आपल्या आवाक्यातलं नाही. पण श्रीमंतांच्या घरी हल्ली जिन्याऐवजी लिफ्ट असते, तशी लिफ्ट आपल्यालाही हवी, आणि देवानं कडेवर उचलून घेणं हीच ती लिफ्ट, असा तिचा विचार. आपण फक्त लहान राहायचं आणि हाताशी येईल ते छोटं काम प्रेमानं करायचं.

इथं मला स्पष्ट बोलू द्या. ‘सहन करा, हसा, बोलू नका’ हा उपदेश आपल्याला जन्मापासून ऐकवला जातो, आणि तेरेजची गोष्ट ऐकवून कोणी तुम्हाला मार खात, अपमान गिळत राहायला सांगू लागलं तर मुळीच ऐकू नका. तिनं सोसलं ते तोंडावर उडालेलं पाणी आणि मागची खुडखुड. तेही आपण होऊन ठरवून, कोणाच्या धाकानं नव्हे. अन्याय निमूटपणे सोसणं वेगळं आणि चिडचिडीवर आपला ताबा ठेवणं वेगळं. जी पोपपुढे गप्प बसली नाही तिला मुकी म्हणायचं कसं?

जे दुखलं ते

खरं दुःख तिला मठाबाहेरून आलं. ती मठात गेली त्याच वर्षी वडिलांच्या मेंदूवर परिणाम होऊ लागला. जूनमध्ये ते घरातून नाहीसे झाले आणि चार दिवसांनी ल हाव्र बंदरात सापडले. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्यांना कां शहरातल्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं, ते तीन वर्षांहून अधिक काळ. गाव म्हणजे गाव! मुली एकामागून एक मठात गेल्या, लाडकीही गेली, म्हणून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, ही कुजबूज मठाच्या भिंतीआडही पोचत होती. १८९२ मध्ये ते घरी आले आणि १८९४ मध्ये वारले. तोवर सेलीननं त्यांची सेवा केली आणि नंतर तीही मठात आली, येताना आपला कॅमेरा घेऊन! त्या काळच्या ननचे इतके फोटो आज पाहायला मिळतात ते तिच्यामुळे. एका फोटोत सगळ्या जणी धुणं धुताहेत, त्यांत तेरेजही आहे.

एप्रिल १८९६ मध्ये, गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री तिच्या तोंडातून प्रथम रक्त आलं. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन निघायला अजून जवळजवळ अर्धं शतक अवकाश होता. त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. स्वर्ग, परलोक, ज्याच्यावर तिनं आयुष्य लावलं त्या सगळ्यावर तिच्या मनात काळोख पसरला, आणि तो शेवटपर्यंत हटला नाही. रोज उठून विश्वास ठेवायचा, असं तिचं दीड वर्ष चाललं. मॉर्फिनची इंजेक्शनं द्यायला मुख्य मदर राजी नव्हत्या. वेदना इतक्या वाढल्या, की तिनं पोलिनला बजावलं, असा रोगी असेल तर विषारी औषध त्याच्या हाताशी कधी ठेवू नका. श्रद्धा नसती तर आपण क्षणाचाही विलंब न लावता जीव दिला असता, असंही ती म्हणाली. संतांच्या चरित्रांतून अशा गोष्टी बहुधा गाळतात. बहिणींनी त्या टिपून ठेवल्या, हे त्यांचे उपकार. घरात दीर्घ दुखण्याचं माणूस असेल तर तुम्हीही हे लक्षात ठेवा. औषधांचं कपाट आणि रोग्याच्या मनातला अंधार, दोन्हींकडे नजर हवी.

३० सप्टेंबर १८९७ च्या संध्याकाळी ती गेली.

तीन वह्या आणि एक पुस्तक

मग सगळं झालं कसं? तर एका थंडीच्या संध्याकाळी तेरेज लहानपणच्या गमती सांगत होती. पोलिन तेव्हा मुख्य मदर होती. मोठ्या बहिणीच्या सांगण्यावरून तिनं तेरेजला त्या लिहून काढायचा हुकूम केला. दिवसभराची कामं उरकून रात्री, मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात तेरेजनं १८९५ भर एक वही लिहिली. पुढे दोन भाग त्याला जोडले गेले, शेवटचा तर मरणाच्या अंथरुणावर आणि शेवटी शाईऐवजी पेन्सिलनं. पोलिननं ते नीटनेटकं केलं, म्हणजे हजारो ठिकाणी बदललं, आणि तेरेजच्या पहिल्या स्मृतिदिनी २,००० प्रती छापल्या. ‘एका आत्म्याची कहाणी’ हे ते पुस्तक. मदर लिहिणार काय, हा प्रश्न असा सुटला! पुस्तक भाषाभाषांत गेलं. तेरेजचा मूळ मजकूर मात्र १९५६ साली, पोलिनच्या पश्चात, उजेडात आला. फोटोंचीही तीच तऱ्हा. सेलीननं फोटो हातानं गोंडस करून छापायला दिले होते. खरे फोटो १९६१ साली निघाले, तेव्हा त्या नाजूक गुलाबी चेहऱ्याऐवजी रुंद हनुवटीची, ठाम नजरेची मुलगी लोकांनी पाहिली. मला तीच जास्त आवडते.

१९२५ साली तिला संतपद मिळालं. १९२७ साली साऱ्या मिशन-कार्याची संरक्षक संत म्हणून तिचं नाव जाहीर झालं, तेही सेंट फ्रान्सिस झेवियरच्या जोडीनं. आपल्या गोव्याला ते नाव सांगायला नको. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये ज्यांचा देह ठेवलाय तेच झेवियर. समुद्र ओलांडून १५४२ मध्ये गोव्याला आलेला, पुढे थेट जपान गाठलेला तो माणूस आणि मठाच्या अंगणाबाहेर न गेलेली ही मुलगी, दोघांना एकाच पाटावर बसवलं! जायची इच्छा तिलाही होती बरं का. व्हिएतनाममधल्या मठात जायचं तिच्या मनात होतं, पण फुप्फुसांनी साथ दिली नाही. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला चर्चच्या आचार्यांमध्ये स्थान दिलं. तोवर हा मान अवघ्या दोन स्त्रियांना मिळाला होता. आणि कोलकात्याच्या मदर तेरेसांनी नन होताना नाव घेतलं ते हिचंच. त्यांच्या मठात आधीच एक तेरेज होती, म्हणून त्यांनी त्याचं स्पॅनिश रूप, तेरेसा, पसंत केलं.

१८ ऑक्टोबर २०१५ ला झेली आणि लुई यांनाही संतपद मिळालं. नवरा-बायकोला एकाच समारंभात असं संत ठरवण्याची ही पहिलीच वेळ.

राहिली लेओनी. आठवते ना, टोपली पुढे करणारी, हट्टी, अभ्यासात मागे, जिच्या काळजीनं झेली पोखरली होती? घरातली मोलकरीण तिला धाकदपटशा दाखवून छळत होती, हे झेलीला फार उशिरा, स्वतः मरायच्या काही महिने आधी कळलं, आणि मग तिनं लेकीला जवळ घेतलं. चारही बहिणी कार्मेलमध्ये मानानं स्थिरावल्या, लेओनी मात्र तीनदा मठात गेली आणि तीनदा परत आली. तेरेज गेल्यावर, १८९९ साली, ३५ वर्षांची लेओनी कां शहरातल्या व्हिजिटेशन मठात चौथ्यांदा पायरी चढली. या वेळी टिकली, १९४१ पर्यंत, ४२ वर्षं. आता तिलाही संतपद द्यावं म्हणून चौकशी सुरू झाली आहे. त्या मठात तिची समाधी आहे, आणि तिथं चिठ्ठ्या ठेवायला येतात ते बहुतेक ‘अवघड’ मुलांचे आईबाप.